नसलेली सुई

बाईंनी टाळी वाजवून प्रवेश मध्येच थांबवला.

"हे तू मागच्या आठवड्यात बोलली होतीस. तेव्हा तू नर्स होतीस."

वर्ग हसला. नाट्यशाळेत तिला पोपट म्हणत, ते उगीच नाही. या तासाला संहिता नसे, तालीम नसे. बाई ऐनवेळी विषय देत आणि दोघांनी उभं राहून प्रवेश फुलवायचा. पोपट मात्र घरून भाषणं पाठ करून यायची, भांडणाचं एक, माफीचं एक, निरोपाचं तर दोन. विषय कोणताही असो, त्याला ती आपलंच ठिगळ लावायची.

"तू समोरच्याचं ऐकत नाहीस," बाई म्हणाल्या. "तो गप्प कधी होतो, याची वाट बघतेस. शनिवारच्या परीक्षेत हेच झालं, तर पुढच्या वर्षाला तुला घेणार नाही."

ती रडली नाही. रडण्याचंही भाषण तयार होतं, म्हणूनच बहुधा. पण जिद्दीला पेटली. वडील टेलर होते. आठवडाभर ती त्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर बसली. गिऱ्हाईक म्हणेल त्यातूनच उत्तर काढायचं, मनातलं काही पुढे रेटायचं नाही, असा तिने नियमच केला. सुरुवातीला दातखीळ बसायची. एका जाड्या गृहस्थांनी पँट आटल्याची तक्रार केली, तेव्हा तिला हसू आवरेना. वडील म्हणाले, अशाने दुकानाला टाळं लागेल. पण बसू दिलं.

शनिवारी विषय निघाला स्टेशनवरचा बाक. जोडीदार लंबू, वर्गातला सगळ्यात भित्रा. तो उभा राहिला आणि थिजलाच. निरोपाचं भाषण तिच्या अगदी ओठांवर आलं. तिने ते गिळलं आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

"बस इथे. बटण लोंबतंय तुझं. असाच जाणार होतास?"

तिने हवेतच सुई उजेडाकडे धरली, दोरा ओठांत ओला केला, ओवला. लंबूचा श्वास सुटला. तो बसला. ती टाके घालू लागली.

"छान घालतेस," तो म्हणाला. "आईनं शिकवलं?"

तिचा हात थांबला. आईवर तिने एकही भाषण रचलं नव्हतं.

"बाबांनी. शिकवेपर्यंत आई राहिली नाही."

आवाज फाटला. तिला भीती वाटली, आणि बरंही वाटलं. तिने टाका पुरा केला, दोरा दातांनी तोडला.

टाळी वाजवायला बाईंना उशीर झाला. "पुढच्या वर्षी येताना ती सुई घेऊन ये," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी दुकानात वडिलांनी मान वर न करता विचारलं, "झाली परीक्षा? काय बोललीस?"

"आईबद्दल बोलले."

घरात हा शब्द कित्येक वर्षांत निघाला नव्हता. वडिलांच्या हातातली शिवण संपली, कापड बाजूला पडलं, तरी त्यांचे पाय मशीन चालवतच राहिले.