हलकं केलेलं फ्लायव्हील

दोन क्लच जळाले होते. तिसरा बसवून शिवदास भरलेला टिपर घेऊन शिरगावच्या खाणीतून वर निघाला, आणि चढाच्या मध्यावरच बाबली शेट आडवा आला. टिपर त्याचाच.

"काय रे, गाडी चलयता काय क्लचाचो होम करता?" सगळ्या ड्रायव्हरांना ऐकू जाईल असा तो ओरडला. "चूक झाली म्हण, नाय तर वच तुझ्या सावंतवाडीक!"

इथलं वेगळं राज्य नुकतंच झालं होतं. हद्दीपलीकडच्या माणसाला 'घरी जा' म्हणणं हल्ली जिभेवरच असे. त्याचं शिवदासला काही वाटत नव्हतं. पण क्लच जाळणारा असं एकदा नाव पडलं की खाणीवर कुणी त्याच्या हाती गाडी देणार नव्हतं.

"चूक माझी न्हय," तो म्हणाला. "ता फ्लायव्हील तुमी कातून हलका केलात."

बाबली पूर्वी म्हापशात पायलट होता, म्हणजे मोटारसायकलवर मागे गिऱ्हाईक बसवून नेणारा. तेव्हा इंजिनाला जोडलेलं जाड लोखंडी फ्लायव्हील त्याने लेथवर कातून घेतलं होतं आणि गाडी बाणासारखी सुटायची. पावसाळ्यात तेच त्याने टिपरला केलं. त्यात अगदीच खोटं नव्हतं. हलकं फ्लायव्हील फिरवायला इंजिनाचा कमी जोर लागतो, उरलेला मागच्या चाकांना मिळतो; रिकामा टिपर खरंच चपळ झाला होता.

पण इथे वजनकाट्याची रांग खाली खाणीपर्यंत पोचायची. भरल्या गाडीला चढावर थांबत, पुन्हा निघत वर यावं लागे. क्लच सोडताच उभ्या गाडीचं सगळं ओझं इंजिनावर येतं. त्या क्षणी जड फ्लायव्हील आपल्या फिरण्यात साठवलेला जोर पुरवतं. हलक्यात तो साठाच नाही. इंजिन बंद पडू नये म्हणून रेस वाढवून क्लच घसरवायचा, आणि घसरला की तो जळायचा.

शिवदास खाली उतरला. मागच्या टायरांखाली दगड लावले.

"शेटानू, बसा. तुमीच काडा वर."

बाबली तावातावाने बसला. इंजिन एकदा बंद पडलं. पुन्हा पडलं. मागून कुणीतरी शिट्टी मारली. मग त्याने अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला, आणि टिपर गुरगुरत, हिसके खात काट्यावर पोचला.

"इलो मरे वयर?"

"इलो," चालत आलेला शिवदास म्हणाला. "आता वास घेवा."

क्लचच्या जळक्या लायनिंगचा वास काट्यावरच्या कारकुनालाही आला. त्याने खिडकी लावून घेतली.

"फ्लायव्हील अशेंच रवतलें!" बाबलीने मागच्या गाडीच्या ड्रायव्हरला हाक मारली. "रुद्रेशा, तू नार्व्याचो, आमचो मनीस. तू बस."

"आमचो म्हणून माका जाळटलो?" रुद्रेशने आपलं इंजिन बंद केलं. "जड फ्लायव्हील घाल, मागीर उलय."

काटा अडला होता. खालून हॉर्न वाजायला लागले. बाबली घाम पुसत शिवदासकडे वळला.

"म्हापशात जुनें मेळटलें?"

"मिळात. पण आणूक तुमी जावा. खांद्यार घेवन येवा, म्हणजे जडपणा कित्याक लागता ता समजात."

बाबलीने चावी त्याच्याकडे फेकली. शिवदासने हात पुढे केला नाही. चावी लाल धुळीत पडली.

"फ्लायव्हील इल्यार चावी उचलतंय," तो म्हणाला, आणि काट्याच्या सावलीला जाऊन बसला.