आठच्या आधीचा खोकला

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. आधीच सांगून टाकतो, मला हल्ली काही वाटत नाही. कपाटात माझ्यावर फडकं टाकलेलं आहे. ते टाकलं काय नि काढलं काय, मला सारखंच.

कारखान्यात माझी जाळी बसवणाऱ्या बाईंनी मला कानाशी धरून हलवलं, आत काही खुळखुळत नाही ना ते पाहिलं आणि खोक्यात ठेवलं. खोकं उघडलं ते शहराबाहेरच्या वस्तीतल्या रेडिओ केंद्रात, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर.

तेव्हा माझ्यापुढे नाटकं व्हायची. पाणी किती वाजता येणार, कुणाचं पाकीट सापडलं, हेही माझ्यातूनच सांगायचे. मग नवे साहेब आले. नाटकं बंद, दिवसभर फर्माइशी गाणी. मग आणखी नवे साहेब आले. गाणी बंद, नुसत्या चर्चा. डोकं उठायचं. प्रत्येक साहेब पहिल्या दिवशी मला टिचकी मारून "हॅलो, हॅलो" म्हणायचा आणि "काय दणकट माल आहे!" असं कौतुक करायचा. दुसऱ्या दिवसापासून मला विचारतो कोण?

या उलथापालथीत सकाळी आठला निवेदन करणाऱ्या ताई तेवढ्या टिकल्या. बोलण्याआधी त्या एकदा हळूच खोकायच्या. घसा अगदी ठणठणीत होता हो! पण घरी त्यांचे म्हातारे वडील रेडिओ लावून बसायचे. खोकला ऐकू आला, की लेक सुखरूप पोचली. नाही आला, तर काहीतरी बिनसलंय. बापलेकीचं हे बावीस वर्षं ठरलेलं होतं.

मग संगणक आला. ताईंनी सोमवारी येऊन आठवड्याभराचं बोलून ठेवायचं, बाकीच्या दिवशी त्यांची गरज नाही. ताई काचेपलीकडच्या तंत्रज्ञांना म्हणाल्या, "दादा, घरी सांगितलेलं नाही हं. बाबा हाय खातील. रोज डबा घेऊन निघते आणि मैत्रिणीच्या शिवणाच्या दुकानात काजं-बटणं करत बसते."

तंत्रज्ञ भला माणूस, पण स्वच्छतेचं भारी वेड. ताईंचा आवाज साफ करताना त्यांनी खोकलाही पुसून टाकला.

मंगळवारी पावणेनऊला एक म्हातारे गृहस्थ दार ढकलून आत आले. धाप लागलेली, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात बाईमाणसाची.

"माझी लेक कुठंय? ती आज खोकली नाही."

"अहो काका, त्या बोलतायत की!" तंत्रज्ञांनी भिंतीवरच्या स्पीकरकडे बोट दाखवलं.

"बोलण्याचं काय घेऊन बसलात? तापाने फणफणली तरी गोडच बोलते ती."

मग त्यांना माझ्यासमोरची रिकामी खुर्ची दिसली. तंत्रज्ञांनी चाचरत सगळं सांगून टाकलं. म्हातारबाबा त्या खुर्चीत बसून राहिले. माझ्याइतक्या जवळून त्यांचा श्वास कुणी ऐकला नसेल. तेव्हा मला शेवटचं काहीतरी वाटलं असावं.

"मला कळलंय हे तिला सांगू नका," ते उठताना म्हणाले. "आणि तेवढा खोकला राहू द्या."

"राहू देतो, काका. चुकलंच माझं."

पुढे दोन वर्षं संगणक रोज आठला खोकला. ताई डबा घेऊन निघत राहिल्या, बाबा ऐकत राहिले.

मध्ये पंधरा दिवस ताई आल्याच नाहीत. मग एका सोमवारी आल्या, बसल्या आणि सरळ वाचायला लागल्या. तंत्रज्ञांनी काचेमागून हात वर केला.

"ताई, खोकला राहिला."

"आता कुणासाठी, दादा?"

तंत्रज्ञांनी हात खाली घेतला. मग म्हणाले, "ताई, काकांना सगळं माहीत होतं."

"ठाऊक आहे मला. त्या संध्याकाळी माझी घरातली चप्पल चिखलाने भरली होती." त्यांनी पान उलटलं. "घ्या, पुढचं घ्या."

त्या वर्षीच त्यांची खुर्ची हलवली आणि मला कपाटात ठेवलं.

मित्रांनो, माझं फडकं काढा असं मी म्हणत नाही. पण कुणाचा आवाज साफ करायला बसलात, तर तो घरी कोण ऐकतंय, एवढं आधी विचारा. बाकी काही नाही. आठ वाजत आले असतील.