फटींतलं गवत

माणसाला शिंगं फुटली की तो कुणाचं ऐकत नाही. मला ती एकोणीसशे सदतीस साली फुटली होती.

पुण्याला मी बागकाम शिकत होतो. शेवटच्या वर्षी सहा महिने कुठंतरी स्वतः राबून बाग उभी करायची होती. खांडबाऱ्याचे व्यापारी भीकमचंद शेठ यांनी घरामागचं आवार दिलं. प्रकाशा गावचा दोधू पुण्याहून शिकून आलाय म्हणून त्यांना कोण कौतुक!

आवाराच्या टोकाला त्यांचं जैन मंदिर. घरापासून तिथवर गाड्यांनी तुडवलेली मुरमाची वाट होती, टणक, गवताचं पातं नसलेली. शेठजींची आई भंवरीबाई रोज सकाळी त्या वाटेनं अनवाणी दर्शनाला जायची. सत्तरी उलटलेली, काठीवर आलेली. मला एवढंच म्हणाली, "बेटा, चौमासे में मेरा जाना मत रोकना."

"माजी, चिखलाचा थेंब लागणार नाही अशी वाट करतो," मी छाती काढून म्हणालो. चिखल! तिला चिखलाची फिकीर नव्हतीच. मग कसली होती, हे विचारायला मला तोंड नव्हतं का?

मुरूम उकरला. वाळू पसरून फरशा बसवल्या. हातांना फोड आले, गुडघे सोलले, पण दोरीच्या रेषेत फरशी बसली की जेवणसुद्धा आठवायचं नाही. दोन फरशांमध्ये चार बोटं फट सोडून तीत हरळी लावली. पुस्तकातल्या चित्रात तसंच होतं.

उखा गवंडी थापी टेकवून म्हणाला, "भाऊ, फट कसाले सोडस? आठे पानी पडनं का गवतच गवत व्हई."

"तू दगड लाव. माले शिकाडू नको," मी त्याच्यावर खेकसलो. माझ्या बापाच्या वयाचा माणूस तो.

आषाढात चातुर्मास लागला तोवर हरळी वीतभर वाढून फरशांवर आडवी झाली होती. उरलेल्या दगडावर शेवाळ. पहिल्या सकाळी भंवरीबाई दाराबाहेर आली आणि शेवटच्या पायरीवर थांबली. चातुर्मासात हिरव्यावर पाय म्हणजे जीवहत्या, हा तिचा जन्माचा नेम. ती बराच वेळ खाली बघत राहिली, मग भिंतीला धरून आत गेली.

मी खुरपं घेऊन धावलो. तिनं खिडकीतून हात हलवला. "मेरे वास्ते मत काट, बेटा. इसमें भी जीव है."

"खुर्चीत बसवून नेतो, माजी."

"उठाने वालों के पैर किस पर पड़ेंगे?"

रस्त्यानं वळसा घालावा तर तिकडंही गवतच. शेठजी एवढंच म्हणाले, "चाळीस वर्षांत आईचं दर्शन चुकलं नव्हतं, दोधू." त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ती दिवसभर खिडकीशी बसायची, मंदिराकडं तोंड करून. भादव्यात संवत्सरीला, सगळ्यांची क्षमा मागायच्या दिवशी, तिनं मला बोलावलं आणि माझ्यापुढं हात जोडले. "मिच्छामि दुक्कडं. मेरे कारण तेरा मन दुखा." तोंड लपवायला घराच्या कोपऱ्यापर्यंतसुद्धा मी पोचलो नाही, तिथंच रडलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नंतर तिला ताप भरला, तो उतरला नाही. आश्विनात ती गेली. चातुर्मास संपायला महिना उरला होता.

मसणवटा मंदिरामागच्या ओढ्याकाठी. तिरडी त्याच वाटेनं निघाली. खांदेकरी, भाऊबंद, सगळा बाजार हरळी तुडवत चालला होता. मी मात्र फरशीच्या कोरड्या कडा शोधत, एकेक पाऊल जपून टाकत होतो. मागून लोक ढकलायला लागले.

उखानं माझा दंड धरला. हळूच म्हणाला, "भाऊ, आते कोनाकरता जपस?"

मी पाय गवतावर ठेवला आणि चालायला लागलो.