आठ ओळींची हरकत

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तिच्या टेबलावर 'नावात बदल' या सदराचं प्रूफ आलं. सतरा जाहिराती होत्या. अकरावी तिच्या मुलीची होती.

ती वर्तमानपत्रात छोट्या जाहिरातींची मुद्रितशोधक होती. बारा वर्षं तीच खुर्ची, तोच दिवा. एवढीशी चूक तिच्या नजरेतून सुटायची नाही, म्हणून अख्खी कचेरी तिला 'भिंगबाई' म्हणायची, अगदी तोंडावरसुद्धा. अकरावी जाहिरातही तिने बाकीच्यांसारखीच ओळीवर बोट ठेवून वाचली. मुलीचं नाव. सध्याचं आडनाव, म्हणजे तिचं. नवीन आडनाव, म्हणजे त्याचं. कारण: वडिलांचे आडनाव लावणे. कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत नोंदणी कार्यालयात कळवावी. खाली त्याचा फोन नंबर.

त्यांचं लग्न झालं नव्हतं. आधी 'बघू' होतं, मग 'सध्या नको', आणि सहावा महिना लागला तसा तो तिच्या घराच्या रस्त्याने जायचाच बंद झाला. जन्माच्या नोंदीत वडिलांच्या रकान्यात तिने त्याचं नाव लिहून दिलं, खोटं कशाला लिहायचं म्हणून. आडनाव मात्र स्वतःचं दिलं. नऊ वर्षं त्याने त्याबद्दल ब्र काढला नव्हता. मग गेल्या महिन्यात मुलगी पोहण्याच्या स्पर्धेत पहिली आली आणि तिचा फोटो याच वर्तमानपत्रात छापून आला. आता साहेबांना बाप झाल्याची आठवण झाली होती.

तिचं बोट जन्मतारखेवर येऊन थांबलं. चौदा.

मुलगी तीन तारखेला जन्मली होती. चौदा तारखेला तो हातातल्या किल्ल्या फिरवत दहा मिनिटं बघायला आला होता. त्याच्या लेखी मुलगी त्या दिवशी जन्मली.

"मामा, इकडे या जरा."

मामा म्हणजे पान लावणारा. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला, सगळ्या कचेरीचा मामा. त्याने चष्मा कपाळावर सरकवून प्रूफ डोळ्यांजवळ धरलं आणि खुर्ची ओढून बसलाच.

"हा तोच का गं?"

"तोच. तारीख चुकलीय."

मामाच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "मग बोंबललं की त्याचं! नोंदीशी तारीख जुळली नाही तर अर्ज तिथंच अडकतो. तू काही बघितलंच नाहीस. दे इकडे, जशी आहे तशी लावतो."

"आणि भिंतीवर काय लिहिलंय?"

भिंतीवर बारा वर्षांपासून एक कागद चिकटवलेला होता: शंका आली तर गिऱ्हाईकाला विचारा, मनाने दुरुस्ती करू नका.

"अगं, त्या कागदाला कोण विचारतंय?"

"मी विचारते. माहीत असलेली चूक मी आजवर गुपचूप जाऊ दिलेली नाही. त्याच्यापायी माझं काम बिघडवू होय?" तिने फोन ओढला. "आणि मला त्याच्या चुकीवर जिंकायचं नाही."

दुसऱ्या रिंगला फोन उचलला गेला.

"वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागातून बोलतेय. तुमच्या जाहिरातीतली जन्मतारीख एकदा तपासून घ्यायची होती. चौदा दिलीय."

"हो, चौदा." मग जरा थांबून, "आवाज ओळखीचा वाटतो."

"असेल. तारीख बरोबर आहे का?"

"तू? अजून तिथंच चुका काढत बसलीस?"

"पगार त्याचाच मिळतो. तारीख?"

"हे बघ, मुद्दाम खोडा घालू नकोस. मुलीला बापाचं नाव मिळतंय, उपकार समज."

"बापाचं नाव नोंदीत आहे, मीच लिहिलंय. आडनावाचं बोलणं वेगळं. तुम्ही जन्माचा दाखला काढून बघा, मी पाच मिनिटं थांबते."

"बापाला दाखला बघावा लागत नाही. चौदा म्हणजे चौदा. आता मला माझ्या मुलीची तारीख शिकवणार का?"

"नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला. प्रूफच्या समासात तिने लिहिलं: 'गिऱ्हाईकाने फोनवर तारीख कायम केली, ४.३२.' खाली सही केली.

"पान सहा वाजता छपाईला जातंय ना?" तिने विचारलं. "कॉलमात जागा किती?"

"एक जाहिरात रद्द झालीय. आठ ओळी."

तिने कोऱ्या कागदावर लिहायला घेतलं. अकराव्या जाहिरातीतल्या बदलास मुलीच्या आईची हरकत आहे, मुलगी तीन तारखेला जन्मली, आडनाव आईने दिलेले आहे व मुलगी तेच लावते, तेच राहील.

मामाने वाचलं. "शेवटचे दोन शब्द कायद्यात बसतात का?"

"कॉलमात बसतात ना?"

"बसतात," मामा म्हणाला. "पण बाई, घरचं भांडण असं चव्हाट्यावर..."

"चव्हाट्यावर त्याने आणलं. मी लपून बसले तर लोक म्हणतील, हिचंच काहीतरी चुकलं असणार. माझं काय चुकलंय, मामा?"

मामाने कागद उचलला आणि अकरावीच्या बरोबर खाली लावला.

सकाळी मुलीने बुटाच्या नाड्या बांधता बांधता पान वाचलं. 'हरकत' या शब्दाचा अर्थ विचारून घेतला. बाप कोण हे तिला आधीपासून ठाऊक होतं, आईने तेही लपवलं नव्हतं.

"त्याला माझा वाढदिवस माहीत नाही?"

"नाही."

"मग माझं नाव का बदलतोय?"

"ते त्यालाच विचार. विचारशील?"

"बोलावलं तर विचारीन," मुलगी म्हणाली आणि दप्तर खांद्याला अडकवलं. वहीवरचं आडनाव तिने जाता जाता जरा जाड गिरवलं.

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत भिंगबाई नोंदणी कार्यालयात लेखी हरकत देऊन आली. खिडकीतल्या कारकुनाने हरकतीवर शिक्का मारला, मान वर न करता म्हणाला, "लग्न झालेलं नाही ना? मग एवढं ताणता कशाला?"

"लग्न झालं नाही म्हणूनच आडनाव माझं आहे. पोच द्या."

त्याने पोच दिली.

बाराव्या दिवशी, दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी, पुन्हा 'नावात बदल'चं प्रूफ आलं. सहावी जाहिरात त्याची होती. जन्मतारीख तीन.

मामा पाठीमागे येऊन उभा राहिला. "तुझ्याच आठ ओळींतून उचलली त्याने. आयती दिलीस!"

"खरी होती ती. मी खोटी छापायला हवी होती का?"

तिने जाहिरात दोनदा वाचली. एकही चूक नव्हती. समासात बरोबरची खूण केली, वेळ टाकली, सही केली.

"कॉलमात जागा किती, मामा?"

"आज जागा नाही गं. ठासून भरलाय."

"मग काहीतरी हलवा."

मामाने घड्याळाकडे पाहिलं, मग पानाकडे, आणि वरच्या दोन जाहिरातींमधली मोकळी जागा कमी करायला घेतली.

नोंदणी कार्यालयाचं पत्र आलं आहे. अर्ज मंजूर झालेला नाही, फेटाळलेलाही नाही. सुनावणी बुधवारी साडेअकराला आहे. दोघांना बोलावलं आहे, आणि मुलीलाही.