कामवाटपाचा कागद

विमानतळावर नेणारी बस कॉलेजच्या फाटकाशी इंजिन चालू ठेवून उभी होती आणि सर एक कागद सह्यांसाठी फिरवत होते. सहा आठवडे परदेशात राहायचं, तिथे कुणी काय काम करायचं त्याची ती यादी. खाली ‘वाचले, मान्य’ असं छापलेलं. तेरा सह्या झाल्या होत्या, चौदावी माझी.

सही करताना तेराजणांपैकी एकानेही तो वाचला नव्हता. कुणी बॅगेवर ठेवून सही केली, कुणी पुढच्याच्या पाठीवर. मी बसच्या पायरीशी उभी राहून वाचायला लागले. मला वेळ लागतो. ओठ हलतात, ओळीखाली बोट लागतं. अक्षरं मी एक्कावन्नाव्या वर्षी शिकले, नातीच्या पहिलीच्या पुस्तकातून. तेव्हापासून हातात आलेला कागद मी शेवटपर्यंत वाचते, मग तो औषधाच्या खोक्यातला का असेना.

‘‘मावशी, तोंडी परीक्षा नाहीये ती. सही ठोका आणि चढा,’’ ओळंबा म्हणाला. हे नाव मीच ठेवलंय. गवंड्याचा ओळंबा सरळ लोंबतो, हा पोरगा जन्मात सरळ उभा राहिलेला नाही. सगळे हसले. मीही हसले असते, पण माझं बोट नवव्या ओळीवर पोचलं होतं.

वर लिहिलं होतं, ‘भिंतीवरील काम, सकाळ ते दुपार’, आणि त्याखाली एका ओळीत दोन-दोन अशी तेरा नावं. नवव्या ओळीत, ‘स्वयंपाक व भांडी : मावशी. सहाही आठवडे.’

मी परत पहिल्यापासून वाचलं. कधीकधी मी ओळ चुकते. चुकले नव्हते. माझं नावसुद्धा घातलेलं नव्हतं. कॉलेजात झाडणारी मावशी, चहा आणणारी मावशी, तशीच ही एक.

तेवीस वर्षं मी घमेली वाहिली आणि गवंड्यांचे हात बघत बघत गिलावा शिकले. एकदा मुकादमाने मला मागच्या खोलीतली भिंत दिली. तिच्यावर खडूने काहीतरी लिहिलं होतं. मी ते पुसून तीन दिवस गिलावा केला, असा की हात ठेवला तर घसरावा. चौथ्या दिवशी घण घेऊन माणसं आली. खडूने ‘पाडणे’ असं लिहिलेलं होतं. सगळ्या बांधकामावर ते वाचता न येणारी मी एकटी, आणि तीन दिवस कुणी तोंड उघडलं नाही, कारण गंमत चालली होती. त्याच आठवड्यात मी नातीचं पुस्तक मागून घेतलं.

पुढे या कॉलेजात जुन्या इमारतींच्या डागडुजीचा वर्ग निघाला. मी परीक्षा दिली, पास झाले, पोरांच्या शेजारी बाकावर बसले. सरांनी परदेशातल्या एका भिंतीचा फोटो दाखवला. चुन्याचा गिलावा, रंगाचा हात नाही, आणि तरी अंड्याच्या कवचासारखी झळाळी. तो कसा घोटतात ते जाणणारा एक म्हातारा कारागीर अजून काम करतो, उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना हाताखाली घेतो. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याचं काय आणि माझ्या गुडघ्यांचं काय, कोण सांगणार? मला त्या भिंतीवर हात चालवायचा होता. बाकी परदेशात काय बघायचं असतं ते पोरांना ठाऊक. निघताना सून म्हणाली होती, ‘‘सहा आठवडे चुलीपासून सुटलात, आत्या.’’

मी सरांना विचारलं, ही यादी कुणी केली. सरांनी चष्मेवालीकडे बघितलं. ती गटाची चिटणीस, गुणी पोरगी, माझ्या वह्या तपासून द्यायची. ती जवळ येऊन माझा हात धरून समजावायला लागली. तिथे परांची उंच आहे, ऊन कडक असतं, माझे गुडघे दुखतात, सगळ्यांनी मिळून माझाच विचार केला होता. शिवाय माझ्या हाताला चव आहे. मला डबा उघडून खायला घालायची हौस, त्याचं हे फळ. ती खोटं बोलत नव्हती. आपण माझं भलं करतोय असंच तिला वाटत होतं, आणि त्यानेच माझं डोकं जास्त फिरलं. मुकादम निदान हसत तरी होता.

मी हात सोडवून घेतला. ‘‘माझा विचार केलात, मग मला का नाही विचारलंत?’’

सरांनी घड्याळ बघितलं. उशीर होतोय, आत्ता सही करा, तिथे गेल्यावर बघू, म्हणाले. हे ‘बघू’ मी आयुष्यभर ऐकलंय. बघणारा नंतर कधी सापडत नाही. मी बसच्या पायरीवर बसले. दार लागेना. चालकाने आरशात बघितलं, इंजिन बंद केलं आणि पेपर उघडला.

‘‘या पोरांना स्वयंपाक येत नाही हो,’’ सर हळू आवाजात म्हणाले.

‘‘मग शिकतील. अभ्याससहल आहे ना?’’

सरांच्या मागे कुणीतरी खुदकन हसलं. मी सांगितलं, पाळीपाळीने सगळे रांधतील, सगळे भिंतीवर जातील. माझी पाळी आली की मीही रांधेन, चांगलं रांधेन. नाहीतर मी इथून घरी जाते. आणि का गेले ते कॉलेजला लिहून कळवते. मला लिहिता येतं.

चष्मेवालीने गुडघ्यावर कागद ठेवून नवी यादी केली. तिचे डोळे भरले होते. मला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं कदाचित. तिने कागद पुढे केला, आणि तिच्यासकट चौदा माणसं उन्हात उभी असताना मी तो पहिल्या ओळीपासून वाचला. बोट लावून. मुद्दाम नाही, मला तसंच येतं. पण त्या दिवशी घाईही केली नाही.

‘‘यात सरांची पाळी नाही,’’ मी म्हटलं.

सरांनी पेन घेतलं आणि स्वतःचं नाव स्वतः लिहिलं. मग मी सही केली. मावशी नाही, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

बस निघाली. माझ्या शेजारची जागा बराच वेळ रिकामीच राहिली. शेवटी ओळंबा तिरका तिरका येऊन बसला. पहिल्या दिवसाची पाळी त्याची लागली होती. खाकरला आणि अंडी किती वेळ उकडायची म्हणून विचारलं.

‘‘कुठेतरी लिहिलेलं असेल,’’ मी म्हटलं. ‘‘वाच.’’