फेसाची रेघ

कडुनिंबाचं एक वाळकं पान प्रवाहाच्या उलट दिशेने चाललं होतं. वारा नव्हता. नावेत बसलेल्या यशश्रीने पातळीच्या पट्टीवरची नजर काढून पानावर ठेवली. ते धरणाकडून वर, उगमाच्या दिशेने, मिनिटाला चारेक हात सरकत होतं. पुढे पांढऱ्या फेसाची एक रेघ नदीला आडवी पसरली होती. पान तिथे टेकलं आणि थांबलं.

त्याच वेळी काठावर आरोळी उठली, "उलटगंगा माते, जय!"

पान कुणाला दिसलं नव्हतं. लोकांना नारळ दिसला होता. तोही पानासारखाच उलटा चालत आला होता.

बेंगळुरूच्या पश्चिमेला, धरणाच्या फुगवट्यावर, उलटगंगास्वामींनी वर्षभरापूर्वी दोन घाट बांधून घेतले, एक वरच्या अंगाला, एक खालच्या. मूल हवं असलेल्या बाईने नदीची ओटी भरायची, खणात गुंडाळलेला नारळ पाण्यात सोडायचा. तो उलटा वर आला तर कूस उजवणार. खाली वाहून गेला तर बाईत दोष. कोणत्या बाईने कोणत्या घाटावर उभं राहायचं, ते स्वामी नाडी बघून ठरवत. फेसाला ते क्षीरसागर म्हणत. शहराच्या सांडपाण्याचा तो फेस, साबणाचा आणि कुजक्या अंड्याचा वास येणारा, बाया बोटावर घेऊन कपाळाला लावत. यशश्री नावेतून ते रोज बघायची.

धरणात किती गाळ साचलाय हे काढण्यासाठी तिची कंपनी पाण्याच्या पृष्ठभागाची आणि तळाची उंची मोजत होती. काम शांतपणे चाललं होतं. पण आज वरच्या घाटावर तिला आपलीच माणसं दिसली. आई, धाकटा भाऊ अभिराज, आणि हातात नारळ घेऊन मान खाली घातलेली वहिनी, भव्या.

भव्याची ही तिसरी ओटी. "या वेळीही नारळ वाहून गेला तर स्वामी म्हणतात अभिराजला दुसरी मुलगी बघा," आईने फोनवर सांगितलं होतं. यशश्रीने वाद घातला तेव्हा आई म्हणाली, "तू तुझं पाणी मोज." भव्याच्या सगळ्या तपासण्या कधीच झाल्या होत्या आणि त्यात काही निघालं नव्हतं. डॉक्टरांनी नंतर अभिराजची तपासणी सांगितली होती. तो सहा वर्षं "बघू" म्हणत होता. हे नवराबायको सोडून फक्त यशश्रीला ठाऊक होतं, आणि भव्याने तिला शपथ घातली होती.

"यल्लाप्पा, नाव काठाला घे," ती नावाड्याला म्हणाली.

ती पोचली तेव्हा स्वामींचं चालूच होतं. "बन्नी, बन्नी, या अम्मा! पाणी उताराला धावतं, हे शाळेत शिकवतात. मग हा नारळ चढ कसा चढला? विचारा तुमच्या सायंटिस्टला! ही क्वांटम भक्ती आहे! सोडा अम्मा, नारळ सोडा!"

भव्याने ओणवं होऊन नारळ सोडला. तो गिरकी घेऊन खाली निघाला.

"वाहून गेला!" गर्दी हळहळली. आईने पदर तोंडाला लावला. अभिराज आपल्या बुटांकडे बघत राहिला.

"वंशाला नकार," स्वामी डोळे मिटून म्हणाले.

"कुठे वाहून गेला?" यशश्रीने विचारलं. तिचा आवाज एरवी खोलीबाहेर जात नसे. आज गेला. "बघा ना. तो तिकडे, फेसात अडकलाय. मघाशी उलटा आलेला नारळही तिथेच आहे."

लोकांनी माना उंचावल्या. फेसाची रेघ दोन घाटांच्या बरोबर मध्ये होती. तिच्यात स्वीकारलेले आणि नाकारलेले नारळ, थर्माकोल आणि बाटल्या एकाच घाणीत डुलत होत्या.

"यशू, गप्प बस," आई पुटपुटली.

"स्वल्प थांब आई." यशश्री खालच्या घाटावर गेली, पायातली रबरी चप्पल काढली आणि पाण्यात सोडली. गर्दीतून संतापाचा आवाज उठला. चप्पल क्षणभर डुलली आणि निमूटपणे वर, फेसाकडे निघाली.

"आता वरच्या घाटावरून कुणीतरी काहीतरी सोडा. तरंगेल असं काहीही."

वरच्या घाटावर लाल कापडावर स्वामींच्या लाकडी पादुका दर्शनाला मांडल्या होत्या. भव्याने त्यांतली एक उचलली.

"ए अम्मा! ठेव ती!" स्वामींची समाधी खाडकन उतरली.

भव्याने ती पाण्यात सोडली. पादुका खाली वाहत निघाली. वरून पादुका, खालून चप्पल. फेसाच्या रेघेत दोघी एकमेकींना चिकटून थांबल्या.

"अगं बाई, नदीने स्वामींनाच नाकारलं की!" एक म्हातारी म्हणाली.

"आणि चप्पल स्वीकारली अक्का! आता चपलेला जुळं होणार," मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

यशश्री हसली नाही. ती वरच्या घाटावर परत आली. "पाणी चढ चढत नाही," ती म्हणाली. "मी रोज मोजतेय. इथून धरणापर्यंत पाण्याची पाठ ताटासारखी सपाट आहे. चढउतार आहे तो तळाला. या फेसाच्या खाली जुना बुडालेला बांध आहे, आणि त्यापुढे तळ एकदम खोल जातो. शहराकडून येणारं घाण पाणी गाळाने जड असतं. ते इथवर येतं आणि धरणाच्या हलक्या पाण्याखाली बुडी मारतं. बुडताना वरचं थोडं पाणी ओढून नेतं. त्याची जागा भरायला धरणाकडचं पाणी वरच्या वर इकडे सरकतं. म्हणून खालून सोडलेलं वर येतं आणि वरून सोडलेलं खाली जातं. तरंगणाऱ्याला बुडी मारता येत नाही, ते इथेच अडकतं. हे स्वामींना कळलं होतं, म्हणून तर घाट रेघेच्या दोन बाजूंना बांधले. ज्यांनी नवस फेडल्याचा डंका पिटायचा, त्या बाया खालच्या घाटावर. ज्यांनी रडत पुन्हा पुन्हा यायचं, त्या वरच्या."

"नास्तिक! नदी कोपेल!" स्वामी म्हणाले. पण ते उरलेली पादुका काखेत मारून अनवाणीच गाडीकडे निघाले होते.

"नदीला कुणाची कूस कळत नाही," यशश्री लोकांना म्हणाली. "तिला जड आणि हलकं एवढंच कळतं. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. दोन काड्या घ्या, दोन घाटांवरून सोडा, आणि आपल्या डोळ्यांनी बघा. पण कुणाच्या लेकीसुनेचा निवाडा करण्याआधी बघा."

चारपाच जण खरंच काड्या शोधायला वळले.

आई पायरीवर बसली होती. कपाळावरचा वाळलेला फेस ती पदराने खरवडून काढत होती. "मग इतकी वर्षं दोष कुणाचा म्हणायचा गं?" तिने विचारलं.

यशश्रीने भव्याकडे पाहिलं. शपथ होती.

"चला," अभिराज घाईने म्हणाला. "घरी जाऊन बघू."

भव्याने ओले हात साडीला पुसले.

"बघू नाही," ती म्हणाली. "अहो, माझ्या तपासण्या झाल्या, तुमची राहिलीय. सहा वर्षं राहिलीय, आईंनाही कळू दे. ती होईपर्यंत मी घरी येणार नाही. यशूअक्कांबरोबर त्यांच्या जे. पी. नगरच्या घरी राहणार."