पहिला नको मोजायचा नाही

नकार देता येणं हा माणसाच्या स्वातंत्र्याचा पाया आहे, असं विचारवंत सांगतात. कालिंदीबाई बिवलकर या पायावर जन्मभर उभ्या होत्या, आणि त्यामुळे त्यांची जाडी आता पोह्याच्या पापडाएवढी राहिली होती. समोरून त्या पूर्वीसारख्याच दिसत. कडेनं पाहिलं तर फक्त चष्म्याची काडी दिसे.

हे काही एका दिवसात झालेलं नव्हतं. त्या 'नको' म्हणाल्या की अंगातला एक पदर कमी होई, एवढंच. भाजी वाढू? नको. रिक्षा करू? नको, जाऊ की चालत. चष्मा बदलायचा का? नको, चांगला आहे हा. अच्युतराव बिवलकरांनी हे सगळे नको नीट ऐकले होते आणि प्रत्येकाला मान दिला होता. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. त्यांच्या घराण्यात शब्दाला किंमत होती. नको म्हणजे नको. भांडं मागे फिरलं, विषय संपला.

डॉक्टर इनामदारांनी कालिंदीबाईंना खिडकीच्या उजेडात धरून तपासलं. एक्स-रेची गरज पडली नाही.

"अवयव सगळे आहेत," ते म्हणाले. "फक्त एकामागे एक नाहीत, शेजारी शेजारी आहेत."

"मग?"

"मग काय, आता यांच्यात फारसे नको शिल्लक नाहीत. ते संपले की माझ्याकडे आणू नका. आणायला काही राहणार नाही."

"उपाय काही?"

"स्वतःच्या तोंडानं 'आणखी वाढा' म्हणाल्या पाहिजेत. तोवर एक गोळी लिहून देतो, तुमच्या समाधानासाठी."

"गोळी कशाला उगाच? नको," कालिंदीबाई म्हणाल्या, आणि डॉक्टरांच्या हातातल्या हातात आणखी हलक्या झाल्या.

अच्युतरावांनी त्यांना रिक्षातून, वारं लागू नये म्हणून दोन्ही पडदे सोडून, घरी आणलं. बाहेरच्या खोलीत वेताच्या खुर्चीत बसवलं आणि पदरावर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला. पंखा बंद केला. मिरजेत मे महिना होता. अच्युतरावांनी सदरा काढून खुंटीला लावला आणि ठरवलं, आज ही बाई आणखी वाढा म्हणणार.

पदार्थ निवडणं सोपं नव्हतं. "श्री..." एवढं म्हटल्याबरोबर बाहेरून "सर्दी होते, नको" आलं. पुरणपोळी जड पडायची, गुलाबजाम तळलेले, खीर मुलांनी खायची. कालिंदीबाईंकडे प्रत्येक पदार्थाचा नको आधीच करून ठेवलेला होता, फोडणीच्या डब्यासारखा हाताशी. बेकरीतून काही आणावं तर "बाहेरचं नको." अच्युतरावांनी तोंड मिटून घेतलं. माहितीतलं काहीही धोक्याचं होतं. माहितीबाहेरचं हवं होतं, आणि तेही घरचं.

मोबाइलवरच्या एका व्हिडिओत अमेरिकन बाई सापडली. ती हसत हसत पीच कॉबलर करत होती. अच्युतरावांनी दाराशी जाऊन ते नाव मोठ्यानं उच्चारलं. बाहेरच्या खोलीतून काहीच आलं नाही. पुन्हा उच्चारलं. तरी नाही. त्यांच्या संसारात एका पदार्थाच्या नावावर पहिल्यांदाच शांतता पसरली होती.

मंडईत पीच मिळाले. फळवाल्यानं विचारलं, "काका, याचं करणार काय?"

"कॉबलर."

"बरं. धुऊन घ्या म्हणजे झालं."

घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की स्वयंपाकघर हातभर अरुंद झालंय. ते बाहेर गेले असताना कालिंदीबाईंनी दारावरच्या झाडूवाल्याला नको म्हटलं होतं. म्हणजे आता घरही त्यांच्याबरोबर जात होतं. अच्युतरावांनी टेप लावून भिंत मोजली नाही. मोजून भिंत मागे जात नाही, हे ते खात्यात शिकले होते.

त्यांनी पीच उकळत्या पाण्यात सोडले, मग गार पाण्यात काढले, आणि सालं सोलली. साखर एका भांड्यात मोजून ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात ठेवली. पीच परातीत चमकत राहिले. इतकी गोल वस्तू या घरात बऱ्याच दिवसांत आलेली नव्हती.

तेवढ्यात शेजारच्या हसबनीस वहिनी दारातून अंग चोरून आत शिरल्या. त्या आणि कालिंदीबाई एकाच गावच्या, वाईच्या. वहिनींच्या अंगावर मात्र गावातला सगळा आग्रह व्यवस्थित चढलेला होता.

"काय हो भावजी, स्वयंपाकघर कुणाला भाड्यानं दिलंत की काय? पाऊल टाकायला जागा नाही."

"कालिंदीसाठी कॉबलर करतोय."

"ते काय असतं?"

"पीचवर मैदा."

"बरं. नाही म्हणाली का ती?"

"अजून विचारलं नाही. एकदाच विचारता येईल. डॉक्टर म्हणाले, फार शिल्लक नाहीत."

हसबनीस वहिनी परातीतल्या पीचकडे बघत होत्या, त्या वर बघायला लागल्या. "एकदाच? भावजी, आमच्याकडे पहिला नको मोजतच नाहीत. तो नुसता जेवणाआधी चूळ भरण्यासारखा. दुसरा मानाचा. तिसऱ्या वेळी विचारलं की माणूस 'बरं' म्हणतो आणि पोटभर जेवतो."

अच्युतरावांच्या हातातली सुरी थांबली. "आमच्याकडे पहिल्यालाच उचलतात."

"ताट?"

"हो."

"इतकी वर्षं?"

"हो."

"अहो, मग ती जेवत काय होती?"

 अच्युतरावांनी पीचच्या फोडी करायला घेतल्या. पातळ काप करा, असं अमेरिकन बाई सांगत होती. त्यांनी जाड केले.

बाहेर फोन वाजला. अच्युतराव धावले, पण स्वयंपाकघराच्या दारात ते आणि हसबनीस वहिनी एकाच वेळी अडकले. कुणीतरी मुलगी कालिंदीबाईंना कर्ज देऊ करत होती. "नको गं बाई," कालिंदीबाई प्रेमानं म्हणाल्या. मुलगी नोकरी नीट करणारी होती, तिनं पुन्हा विचारलं. "नको, खरंच नको." ओट्याचे कोपरे गिळत दोन्ही भिंती आत आल्या. डबे ठेवायची फळी अच्युतरावांच्या कानाला लागली. कसेबसे सुटून त्यांनी रिसीव्हर काढून घेतला आणि म्हणाले, "हो, चालेल, उद्या या," आणि फोनची वायर भिंतीतून उपटली.

"कर्ज घेतलंत?" कालिंदीबाईंनी विचारलं. त्यांच्यातून आता खुर्चीचा वेत दिसत होता.

"तू बोलू नकोस. बस नुसती."

"बसलेच तर आहे."

स्वयंपाकघरात आता वळता येत नव्हतं. अच्युतराव पोट आत घेऊन ओट्याच्या कडेनं एकेक पाऊल सरकत काम करू लागले. लोणी भांड्यात वितळवलं. मैदा, बेकिंग पावडर, दूध, चिमूटभर मीठ. हसबनीस वहिनी दारात उभ्या राहून एकेक वस्तू फटीतून पुढे करत होत्या. पीठ लोण्यावर ओतलं, त्यावर पीच पसरले, दालचिनी भुरभुरली. ढवळायचं नाही, पीठ आपोआप फळांच्या वर येतं, असं अमेरिकन बाईनं बजावलं होतं. अच्युतरावांनी ढवळलं नाही. ढवळायला कोपरालाही जागा नव्हती.

ओव्हनही अरुंद झाला होता. भांडं आडवं जाईना, म्हणून त्यांनी ते उभं सरकवलं. पीठ सांडलं नाही. परिस्थितीची त्यालाही कल्पना असावी.

मग दोघं वाट बघत राहिले, अच्युतराव आत भिंतीत पाचर मारल्यासारखे, वहिनी बाहेर. वास सुटला. तो रुंद होता. मावत नसल्यामुळे घरातून बाहेर पडून सगळ्या गल्लीत पसरला.

"भावजी, जमणार का तुम्हाला? तीनदा?"

"जमवतो."

"नुसतं विचारायचं नाही हं. भांडं पुढे करून विचारायचं. आणि चेहरा असा खात्यातल्यासारखा ठेवायचा नाही."

कॉबलर झालं. वहिनींनी खुंटीवरचा सदरा फटीतून दिला, त्यात धरून अच्युतरावांनी भांडं बाहेर काढलं, हात भाजला, आणि तिरके तिरके होत बाहेरच्या खोलीत आले. एका वाटीत वाढलं.

"हे काय आहे?" कालिंदीबाईंनी विचारलं.

"पीच कॉबलर. घरचं आहे."

"तुम्ही केलंत?"

"हो. देऊ?"

"नको हो. तुम्ही घ्या आधी."

चष्मा घसरून मांडीवर पडला, कारण नाक आता चित्रातल्या नाकाइतकंच पुढे येत होतं. अच्युतरावांचा हात वाटी घेऊन आपोआप मागे फिरला. त्या हातात वडील होते, आजोबा होते, पंगतीतून सरळ पुढे निघून गेलेले सगळे बिवलकर होते. अच्युतरावांनी दुसऱ्या हातानं तो हात धरला आणि पुन्हा पुढे आणला.

"थोडंसं घे."

"नको, खरंच. पोट भरलंय माझं."

सकाळपासून त्यांनी काही खाल्लेलं नव्हतं. त्यांचा रंग गेला. खुर्चीत फक्त रेघा राहिल्या, पाटीवर ओल्या फडक्यानं पुसल्यावर राहतात तशा. घर आणखी आवळलं. मागची भिंत अच्युतरावांच्या पाठीला टेकली.

"विचारा," दारातून हसबनीस वहिनी म्हणाल्या.

"आणि नको म्हणाली तर?"

"तर तुमचं घराणं जिंकलं."

अच्युतराव गुडघ्यांवर बसले. उभं राहायला जागाही नव्हती. त्यांनी चमचा भरला आणि रेघांमध्ये जिथे तोंड असायला हवं तिथे नेला.

"कालिंदी, एवढा एक घास. मी केलाय. तू खाल्ल्याशिवाय हा हात मागे जाणार नाही."

रेघा हलल्या. आवाज यायला वेळ लागला, कारण ज्या छातीतून तो यायचा तिचं काम जवळजवळ संपलं होतं.

"बरं," कालिंदीबाई म्हणाल्या. "चमचाभरच."

त्यांनी घास घेतला. बराच वेळ चावला. चावता चावता त्या अच्युतरावांकडे बघत होत्या: कपाळावरचा मैदा, बनियन, भाजलेला हात. मग त्यांनी गिळलं.

"छान झालंय," त्या म्हणाल्या. "आणखी वाढा."

खुर्ची करकरली. कालिंदीबाईंच्या हाताची सावली भिंतीवर पडली, आणि भिंत सावलीला जागा देत मागे गेली. त्यांनी वाटी पुढे केली. अच्युतरावांनी वाढलं. "अजून," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या मनगटावर बांगडी घट्ट बसली. दारात हसबनीस वहिनी पदरानं डोळे पुसत होत्या.

अच्युतराव स्वतःसाठी वाटी आणायला आत गेले. स्वयंपाकघराच्या भिंती सावकाश आपापल्या जागी परतत होत्या. ओट्याचा उजवा कोपरा हळूहळू मोकळा झाला. तिथे साखरेचं मोजून ठेवलेलं भांडं काठोकाठ भरलेलं होतं.